'रेदर' की 'देरुयाज'?

विचारणा अशी: मणक्यांच्या संधिवाताच्या रुग्णांसाठीची प्रश्नावली फ्रेंचमध्ये नेताना 'मॉर्निंग स्टिफनेस'ला, म्हणजे सकाळच्या ताठरपणाला, 'रेदर मातिनाल' म्हणावं की 'देरुयाज मातिनाल'? फ्रेंच डॉक्टर सर्रास दुसरा शब्द वापरतात, मग प्रश्नावलीत तोच का नको?

'रेद' म्हणजे ताठ, त्यावरून 'रेदर' म्हणजे ताठरपणा. ही अवस्था झाली. 'रुय' म्हणजे गंज, आणि 'देरुयाज' म्हणजे गंज उतरवणं. गंजलेली बिजागरी चार वेळा उघडमीट केल्यावर सैल पडते ना, तसं. आपल्याकडेही ही जोडी आहेच की: सकाळी अंग 'आखडलेलं' असतं, मग हळूहळू 'मोकळं' होतं. फ्रेंच प्रतिमा या आजाराला फार चपखल बसते, कारण हे दुखणं पडून राहिल्याने वाढतं आणि हालचालीने उतरतं.

'मोकळं होणं' ही क्रिया, म्हणून तिला किती वेळ लागतो हे विचारता येतं. पण ती किती 'तीव्र' आहे, हे कसं विचारणार? इथेच घोडं अडतं. या आजाराचा जोर मोजणाऱ्या, १९९४ सालच्या 'बॅस्डाय' प्रश्नावलीत सहा प्रश्न आहेत. पाचवा विचारतो, उठल्यापासून ताठरपणा किती असतो. सहावा विचारतो, तो किती वेळ टिकतो. आधी या दोन उत्तरांची सरासरी काढतात आणि मगच ती बाकीच्या चारांत मिळवतात. एका प्रश्नात 'रेदर' आणि लगेच पुढच्यात 'देरुयाज' आलं, तर रुग्णाला वाटेल की या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. म्हणून छापील मजकुरात दोन्हीकडे 'रेदर'च ठेवावा. 'देरुयाज' डॉक्टरांच्या तोंडी शोभतो, तिथे खुशाल असू द्या.

अशा भाषांतराची एक परीक्षाही असते. मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करवून घेतात. त्याने शब्दशः 'सकाळचा गंज काढणे' असं लिहून दिलं, तर भाषांतर तपासणाऱ्या समितीची काय तारांबळ उडेल! अर्थात शब्द फ्रेंच रुग्णाला कळत असेल, तर तेवढ्यावरून त्याला बाद करू नये. शेवटी हे रुग्णांना समोर बसवून, 'यातून तुम्हाला काय कळलं?' असं विचारूनच ठरतं.

विचारणेत तुम्ही आजाराचं फ्रेंच नाव 'आर्थ्रोज' लिहिलंय, ते मात्र बदलाच. फ्रेंचमध्ये 'आर्थ्रोज' म्हणजे सांध्यांची झीज, 'आर्थ्रित' म्हणजे दाह. इथे 'स्पाँदिलार्थ्रित', म्हणजे मणक्यांचा दाहच हवा. आणि रुग्ण 'माल ओ रँ' म्हणाला तर दचकू नका. 'रँ' म्हणजे शब्दशः मूत्रपिंडं, पण बोलीत त्याचा अर्थ कंबर दुखतेय, इतकाच.