मावशीकडे मिसिसिपीला चाललीस, तर हे वाच

प्रिय पोरी,

आई म्हणाली की तू कुरकुर करतेयस, ग्रीनवूडला ना मॉल ना मैत्रिणी, सुट्टीभर तिथे करू काय. मी त्या भागात नोकरीत बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, फोन घेऊन एसीत बसलीस तर खरंच कंटाळशील, बाहेर पड.

विमानाने जाऊ नकोस, शिकागोहून रात्रीची अ‍ॅमट्रॅकची ट्रेन घे, मेम्फिसला उजाडतं आणि मग जमीन जी सपाट होते ती होतेच, दोन्हीकडे कापूस. मी यवतमाळचा, पऱ्हाटी बघतच वाढलो, तरी एवढी मोठी शेतं बघून गप्प झालो होतो. मावशीला सांग एखाद्या शेताशी गाडी थांबव म्हणून, जुलैत फुलं असतात, आज उमललेलं पांढरं दिसतं आणि तेच उद्या गुलाबी होतं.

तिथे मोठ्यांना 'यस मॅम', 'यस सर' म्हणायचं, अनोळखी माणसाने गाडीतून हात केला तर आपणही करायचा. हॉट टमाले, म्हणजे मक्याच्या पिठात मटण भरून केलेले तिथले रोल, खाणार असशील तर आत कसलं मटण आहे ते आधी विचार, बहुतेक पोर्क असतं.

आता मुख्य गोष्ट. तू शिकागोची आहेस म्हटल्यावर तिथली म्हातारी कृष्णवर्णीय माणसं लगेच बोलायला लागतील, कारण तिथे कुणाचा भाऊ कुणाची आत्या शिकागोला असतेच. 1910 ते 1970 मध्ये साधारण 60 लाख कृष्णवर्णीय लोक अमेरिकेची दक्षिण सोडून वर गेले, आणि त्यातले कितीतरी जण उन्हाळा लागला की पोरांना परत आजी-आजोबांकडे धाडायचे, तुला आता धाडतायत तसंच. त्यांना विचार, सुट्टीत कोण कोण यायचं, कुठे खेळायचात, कुठे जायची बंदी होती. आणि मधे बोलू नकोस, त्यांना थांबत थांबत सांगू दे.

एमेट टिलपण असाच शिकागोहून ट्रेनने आला होता, ऑगस्ट 1955, वय चौदा, मनी नावाच्या खेड्यात आईच्या मावशीच्या नवऱ्याकडे, मोझ राइट त्यांचं नाव. दुकानातल्या गोऱ्या बाईला शिट्टी मारली असा आळ आला आणि रात्री घरातून उचलून नेऊन त्याला मारून टाकलं. समनर गावच्या कोर्टात मोझ राइटनी भर गर्दीत उभं राहून आरोपींकडे बोट दाखवलं, त्या काळात त्या गावात, विचार कर केवढी छाती लागली असेल. तरी सगळ्या गोऱ्या ज्युरीने दोघांना सोडलं, आणि राइटना मिसिसिपी सोडावं लागलं. हे वाचून घाबरू नकोस, पण माहीत नसताना तिथे हिंडूही नकोस असं मला मनापासून वाटतं.

ग्रीनवूडमध्येच 2022 पासून एमेटचा पुतळा आहे, तिथे पायी जाता येईल. मनी दहा-बारा मैलांवर, दुकानाच्या नुसत्या पडक्या भिंती उरल्यात. समनरचं कोर्ट मात्र नीट दुरुस्त केलंय, समोरच एमेट टिल सेंटर आहे, तिथली माणसं कोर्ट आतून दाखवतात. मावशीला सुट्टी शनिवार-रविवारीच असणार, तेव्हा सेंटर उघडं असतं का ते फोन करून विचार आणि मगच तिला गाडी काढायला लाव.

तुझा,
काका