वाटी-चमचा आणि फ्लॅश कार्ड

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे, आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. सोसायटीतल्या एका बेननी त्यांच्या बाळासाठी ऑनलाइन क्लास लावलाय, स्क्रीनवर रोज फ्लॅश कार्ड दाखवतात, फळं, प्राणी, देशांचे झेंडेसुद्धा! आमचा पठ्ठ्या मात्र दिवसभर वाटी आपटतो नि चमचे खाली फेकतो. सासूबाई म्हणतात वॉकर आणा, नवरा म्हणतो आत्तापासून इंग्लिशच बोलू. घरात मराठी, कामाला येणाऱ्या बेन गुजराती, टीव्हीवर हिंदी, तो गोंधळेल का? मीच कुठेतरी कमी पडतेय असं वाटतं. – एक आई

उत्तर : अगं, आधी तो चमचा. तो पाडतो, वाकून बघतो, मग तुझ्या तोंडाकडे बघतो, तू उचलून देतेस नि तो परत पाडतो, बरोबर ना? तुझी कंबर मोडते हे मान्य, पण त्याचा अभ्यास चाललाय तो. पडलं की आवाज होतो, स्टीलच्या वाटीचा वेगळा, प्लॅस्टिकच्या डब्याचा वेगळा, नि दिसेनासा झाला तरी चमचा असतोच कुठेतरी, आणि आई दर वेळी उचलते (हे सगळ्यात महत्त्वाचं). आज एक करून बघ, त्याच्यासमोर वाटी नॅपकिनखाली लपव. या वयात बरीचशी बाळं नॅपकिन ओढून वाटी शोधायला लागतात, महिन्या-दोन महिन्यांपूर्वी हीच वस्तू झाकली की संपलीच त्यांच्या लेखी. त्याला जमलं नाही तर निम्मी वाटी उघडी ठेव. पदराआडून भ्वॉक करतो ना आपण, तोही हाच खेळ, फक्त त्यात वाटीच्या जागी आई.

क्लासचं म्हणशील तर २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. इंग्लिश घरातली बाळं, काहींशी चिनी बोलणारी बाई समोर बसून बोलायची, खेळायची, नि काहींना तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं. समोर माणूस होतं त्या बाळांनी चिनी आवाज पकडले, व्हिडिओवाल्यांनी काही म्हणजे काही पकडलं नाही. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असंच सांगतात. आणि कार्डावरचं सफरचंद ना गार लागतं ना घरंगळतं, त्याला खरंच दे हातात, नुसतं चाटू दे, तुकडा मात्र देऊ नकोस, घशात अडकतो. मी काही शहाणी नव्हते हं, माझ्या लेकाच्या पाळण्याला मी हौसेनं अक्षरांचा तक्ता बांधला होता, त्यानं क पासून ङ पर्यंतचा कोपरा चावून गिळला.

भाषेनं गोंधळत नाहीत बाळं. उलट गंमत ऐक, १९८४ साली कॅनडात वर्कर आणि टीस या दोन संशोधकांना दिसलं की इंग्लिश घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतला त आणि ट वेगळा कळतो, पण वर्षाची होईतो जवळजवळ कुणालाच कळेनासा होतो, कारण घरात तो फरक कानावरच पडत नाही. हिंदी घरातल्या बाळांचा शाबूत राहतो. म्हणजे जे रोज ऐकू येतं तेच कान जपतो. तेव्हा तू मराठीतच बोल, भरपूर बोल, मालिश करताना "आता पाय, हा कुठला पाय, डावा पाय" असं काहीही. बेन त्यांच्या गुजरातीत बोलू देत, बडोद्यात वाढणार आहे तो, गुजराती यायलाच हवी. नवऱ्यालाही सांग, ज्या भाषेत भांडता-हसता येतं तीच बोला. आणि तो "दादादा" म्हणाला की थांब जरा, त्याच्याकडे बघ, तूही "दादादा? हो का? मग?" म्हण, परत थांब. त्याची पाळी असते ती, आपण मोठी माणसं बोलतच सुटतो.

वॉकर नको, अगदी सासूबाईंची माफी मागून. त्यानं चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात, जिन्यावरून पडणं, गॅसजवळच्या भांड्यापर्यंत हात पोचणं, कॅनडानं तर २००४ मध्ये विक्रीच बंद केली. त्यांच्या मनात पांगुळगाडा असेल तर तो वेगळा, तो उभं राहायला लागल्यावर ढकलायचा असतो, तो त्यांनाच आणू दे हौसेनं. सध्या चटई टाक नि सोड जमिनीवर, फक्त आधी पलंगाखालची नाणी, बटणं, शेंगदाणे वेच.

मागे पडणं कसं ओळखायचं? शेजारच्या बाळावरून नाही. आपल्याच बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत प्रमिला फाटकांनी बडोद्यातल्या बाळांचं निरीक्षण करून मोजमाप बसवलं होतं, १९७० सालचं काम, पुढे सुधारलं, डीएएसआयआय या नावानं देशभर वापरतात, अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी. बडोदेकर म्हणून मला त्याचा फार अभिमान! तुला घरात बघायचं तर ममता कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) काढ, लसींच्या पानांबरोबर कुठल्या महिन्यात साधारण काय यावं त्याची चित्रंही आहेत त्यात. आवाजाकडे वळत नसेल, नजर देत नसेल, वर्षाचा होईतो बाबा-दादा असं काहीच बडबडत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट बंद झाली, तर मात्र "मुलगे उशिराच बोलतात" वगैरे ऐकत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा नि कान आधी तपासून घे.

प्रश्न : नात न्यू जर्सीला, अकरा महिन्यांची. मुलगी म्हणते स्क्रीन बंद. मग आम्ही व्हिडिओ कॉलही करायचा नाही का? – आजोबा, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : करा की आजोबा! समोरून उत्तर देणारा माणूस असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथले बालरोगतज्ज्ञही लहान बाळांना व्हिडिओ कॉलची सूट देतात. फक्त दहा मिनिटं पुरे, नि लेकीला बाजूला बसवून ठेवा. तब्येत कशी, पगार कसा हे तिच्याशी नंतर बोला, आधी नातीशी टाळ्या, बाय-बाय. आपल्या संध्याकाळच्या सातला तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात, बाळं तेव्हा खुशीत असतात. आणि फोन जरा लांब धरा हो, निम्म्या आजोबांचं नुसतं कपाळच दिसतं.