लेकरा, आधी माउसवरचा हात काढ

तहसीलसमोर टायपिंगला बसायलास म्हणून सांगतो. परभणीत माझी बरीच वर्षं याच कामात गेली.

शपथपत्रातला 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे' हा परिच्छेद रोज नव्याने टाइप करू नको. वर्डमध्ये तो निवड, ऑल्ट आणि एफ ३ दाब, छोटं नाव दे. पुढं ते नाव लिहून नुसतं एफ ३ दाबलं की अख्खा परिच्छेद उतरतो. लॅपटॉपवर कधी एफएन बटणही धरावं लागतं.

कंट्रोल एच, म्हणजे एक शब्द शोधून त्याजागी दुसरा टाकायचं बटण, जपून वापर. 'राम'च्या जागी 'श्याम' टाकून सगळे एकदम बदललेस तर रामरावाचा श्यामराव होतो, आणि फेरफाराच्या अर्जात असली चूक शेतकऱ्याला हेलपाटे घालायला लावते. एकेक बघूनच बदल.

मॅक्रो हे मोठं काम, म्हणजे आपण केलेल्या पायऱ्या वर्ड नोंदवून ठेवतं. समास, फॉन्ट, ओळींमधलं अंतर, सगळं त्याला एकदा करून दाखव. नंतर एका बटणावर होतं. वर्डच्या वरच्या पट्टीत व्ह्यूमध्ये मॅक्रोज, तिथं रेकॉर्ड मॅक्रो. रेकॉर्डिंग चालू असताना माउसनं मजकूर निवडता येत नाही, शिफ्ट धरून बाणांनीच निवडायचा. नवीन पोरं हमखास इथंच अडकतात. मॅक्रोला कंट्रोल सी, कंट्रोल एस असली नेहमीची बटणं देऊ नको, त्यांचं मूळ काम बंद पडतं.

गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरच्या फाइलनं मॅक्रो चालू करायची परवानगी मागितली तर देऊ नको. त्यातून व्हायरस येतो.