पबशेजारच्या हरवलेल्या इमारती

प्रश्न : आम्ही इंग्लंडमधील एका खेड्यात राहतो. येथील जुन्या पबलगत आज जेथे गाड्या उभ्या राहतात, तेथे पूर्वी लोहारशाळा होती, असे काही वृद्ध सांगतात. एक आजी मात्र तेथे बेकरीच होती, असे ठामपणे म्हणतात. खरे काय, हे कसे ठरवावे?

उत्तर : दोन्ही आठवणी खऱ्या असू शकतात, कारण एकाच इमारतीत काळानुसार धंदे बदलत गेले. म्हणून कोणाचेही म्हणणे खोडून काढू नका. प्रत्येकाची आठवण साधारण कोणत्या वर्षांची, दार कोणत्या बाजूला होते, आत कोण राहत असे, हे विचारून सविस्तर लिहून घ्या. हे काम सर्वांत आधी करावे, असे मला कळकळीने वाटते. दप्तरे नंतरही पाहता येतील.

त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे मैलाला २५ इंच प्रमाणाचे जुने नकाशे पाहा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही असे नकाशे विनामूल्य मिळतात. त्यांत घराघराची आकृती असते, लोहारशाळेपाशी बहुधा ‘स्मिदी’ आणि पबपाशी ‘पी. एच.’ (पब्लिक हाउस, म्हणजे पब) असे लिहिलेले असते. इमारत कोणत्या आवृत्तीपर्यंत दिसते आणि कोणत्या आवृत्तीत नाहीशी होते, यावरून ती पाडल्याचा काळ बराच आवळत आणता येतो.

पबची गोष्ट थोडी निराळी आहे. १८३० च्या बीअरहाउस कायद्याने, स्थानिक कर भरणाऱ्या कोणाही घरधन्याला वर्षाला दोन गिनी (जुने ब्रिटिश चलन) भरून, दंडाधिकाऱ्यांच्या संमतीवाचून, स्वतःच्या घरात बीअर विकता येऊ लागली, आणि अनेक लोहारांनी व सुतारांनी आपल्या धंद्याला हा जोडधंदा दिला. तुमचा पब आणि ती लोहारशाळा मुळात एकाच कुटुंबाची असणे त्यामुळे सहज शक्य आहे. बीअर विकण्याचे परवाने देण्याचा अधिकार १८६९ मध्ये पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. त्याआधीच्या त्यांच्या परवाना-नोंदींत नाव सापडले नाही, तरी पब नव्हताच असे समजू नये. १८४१ पासूनच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय पाहा, तेथे दोन्ही धंदे शेजारी शेजारी लिहिलेले आढळतात.

आजींच्या बेकरीसाठी मात्र १९३१ ची जनगणना उपयोगी नाही, कारण इंग्लंडची ती कागदपत्रे १९४२ च्या आगीत जळाली. त्याऐवजी सप्टेंबर १९३९ चे राष्ट्रीय नोंदणीपुस्तक पाहा. त्यात राहणाऱ्यांची नावे व व्यवसाय आहेत. तेथे मिळालेली नावे आजींना वाचून दाखवा. नाव कानी पडताच आणखी तपशील आठवण्याचा संभव असतो.