टोमॅटोचे बुंधे का कुजले?

प्रश्न : इंदूरजवळच्या काळ्या जमिनीत टोमॅटोला सोयाबीनचा भुसा अंथरला, जिवाणू खतही दिलं. तरी बुंधे कुजले. काय चुकलं?

उत्तर : भुसा बुंध्याला टेकला असणार. माळव्याची काळी जमीन आधीच ओल धरते. वर भिजका भुसा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, थर दोन-तीन इंचच, आणि लागवड गादीवाफ्यावर.

जिवाणू खत द्यायचं, तर ॲझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) व स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम, १० लिटर पाण्यात कालवा. रोपांची मुळं १५-२० मिनिटं बुडवून संध्याकाळी लावा. त्याच पाण्यात बुरशीनाशक घातलंत, तर जिवाणूच मरतात. आणि खताचं पाकीट दुकानात उन्हात पडलेलं नव्हतं ना? तसं असेल, तर जिवाणू मरतात आणि आत उरते ती नुसती काळी पूड. कुजलेली रोपं उपटून शेताबाहेर टाका.