‘ऑबर्न’ केस म्हणजे नेमके कोणते आणि हा शब्द आला कुठून?

तुळशीबागेत मिळणाऱ्या केसांच्या रंगाच्या खोक्यावरील ‘ऑबर्न’ या शब्दाचा अर्थ आपण विचारला आहे. आपण ज्यांना तांबूस-पिंगट म्हणू, अशा लालसर तपकिरी केसांसाठी हा इंग्रजी शब्द वापरतात. गंमत अशी की, त्याचे मूळ लाल रंगात नाहीच: लॅटिनमधील ‘आल्बुस’, म्हणजे पांढरा, यापासून झालेला ‘आल्बुर्नुस’ हा शब्द ‘पांढुरका’ या अर्थाने जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि आरंभी फिकट पिवळसर केसांनाच लावला जाई. पुढे तो ‘अब्रन’, ‘अब्राउन’ असाही लिहिला जाऊ लागल्याने त्यात ‘ब्राउन’ची सरमिसळ झाली आणि अर्थ तपकिरीकडे सरकला. पांढऱ्या केसांवर नुसत्या मेंदीने येणारा भडक नारिंगी रंग मात्र ऑबर्न नव्हे. त्या छटेला इंग्रजीत ‘जिंजर’ अधिक शोभेल.