आधी फोटोओळ तपासा

प्रश्न : आमचे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांचा गणवेशातला फोटो ‘इटली, १९४४, लढाईच्या आदल्या दिवशीचा’ म्हणून घरात सांगितला जातो. फोटो काचेला चिकटला आहे. तो तेव्हाचाच आहे का, हे घरच्या घरी कळेल का? – एक वाचक, माणगाव

उत्तर : बरंचसं कळेल, पण आधी फोटो काचेपासून ओढू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेनं फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. सुरी घालून सोडवायला गेलात तर चेहरा काचेवर राहील नि कागद हातात येईल. काचेसकटच ६०० डीपीआयवर स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर फ्लॅश बंद ठेवून, बाजूच्या खिडकीच्या उजेडात फोटो काढा. कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवून आपल्या पुढे काळं कापड धरलं की काचेत आपलं प्रतिबिंब येत नाही.

मग फ्रेमची पाठ उघडा. स्टुडिओचा शिक्का किंवा हाताचा मजकूर असेल तर तो टिपून ठेवा. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत कागदाच्या पाठीवर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर ती प्रत १९४४ ची नाही, कारण चमक आणणारं रसायन फोटोच्या कागदात साधारण १९५० नंतर येऊ लागलं. पण म्हणून लगेच फोटो खोटा ठरत नाही. मूळ प्रतीला बुरशी लागल्यावर कोणीतरी शहरातल्या स्टुडिओतून नक्कल करून आणली असेल. आणि कागद चमकला नाही, तरी तेवढ्यानं १९४४ सिद्ध होत नाही. पुढच्या काळातल्या सगळ्याच कागदांत ते रसायन नव्हतं.

आता छाती पाहा. पदकांच्या फिती डाव्या बाजूला हव्यात. उजवीकडे दिसल्या तर सदऱ्याची पट्टी बघा. पुरुषांच्या सदऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. तीही उलटी असेल तर छापताना निगेटिव्ह उलटी पडली. सदरा बरोबर आणि पदकं मात्र उजवीकडे असतील, तर ती बहुधा वारलेल्या नातेवाइकाची आहेत. तशी ती उजवीकडेच लावायची रीत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेसाठीच्या ‘इटली स्टार’ पदकाच्या फितीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच सारखे पट्टे असतात. काळ्या-पांढऱ्या फोटोतही गडद-फिकट क्रम ओळखू येतो. हे पदक १९४५ साली सुरू झालं. म्हणजे ती फीत दिसली तर ‘१९४४’ गेलंच.

मागे रंगवलेला पडदा आणि पायांत चकाकते बूट असतील तर फोटो स्टुडिओतला आहे, आघाडीवरचा नाही. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. एवढं मोठं नाव आपल्या भागात असताना घराघरांतल्या आठवणी त्या लढाईला जाऊन चिकटणं साहजिक आहे. म्हणून पणजोबांची बटालियन कोणती, हे आधी शोधा. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव पहिल्या. पेन्शनच्या कागदावर सैनिक क्रमांक सापडला तर बेळगावच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. पणजोबा युद्धात गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. तिथे आडनावाची चार-पाच इंग्रजी स्पेलिंगं घालून पाहा.

प्रश्न : शाळेत १८५७ चं प्रदर्शन आहे. लखनौच्या सिकंदरबागेतला सांगाड्यांचा फोटो ‘मांडलेला’, म्हणजे मुद्दाम रचून घेतलेला, आहे म्हणतात. लावावा का? – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : जरूर लावा, फक्त खाली ओळ नीट लिहा. शिपायांची कत्तल नोव्हेंबर १८५७ मधली, छायाचित्रकार फेलिस बियाटोचा फोटो १८५८ चा. मृतदेहांवर माती टाकली होती, ती बियाटोनं फोटोसाठी काढायला लावली, असं एका इंग्रज अधिकाऱ्यानं आठवणींत लिहून ठेवलं आहे. म्हणून ‘लढाईनंतर काही महिन्यांनी, अवशेष उघडे करून घेतलेलं छायाचित्र’ असं लिहावं. मुलांना तेव्हाचं तंत्रही सांगा. काचेवर ओलं रसायन लावून, ते सुकायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवावा लागे आणि काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. धावता सैनिक टिपणं शक्यच नव्हतं. म्हणूनच त्या काळचे युद्धाचे फोटो लढाईनंतरचे असतात.

उलट चूकही होते. अमेरिकी छायाचित्रकार जो रोझेंथाल यांचा २३ फेब्रुवारी १९४५ चा, जपानच्या इवो जिमा बेटावर सैनिक झेंडा उभारतानाचा फोटो ‘मांडलेला’ म्हणून बदनाम झाला, पण तो तसा नव्हता. त्यानंतर त्यांनी सैनिकांना झेंड्याखाली उभं करून वेगळा समूहफोटो काढला. ‘मांडून घेतला का?’ या प्रश्नाला त्यांनी त्याच फोटोबद्दल हो म्हटलं आणि ते उत्तर भलत्या फोटोला लागलं. मात्र तो त्या दिवशी डोंगरावर चढवलेला दुसरा झेंडा होता, हे खरं. त्यातल्या सैनिकांची नावंही २०१६ आणि २०१९ मध्ये दुरुस्त करावी लागली.

प्रश्न : मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात बंदर पेटल्याचे व्हिडिओ आले आणि होड्या बाहेर काढायच्या की नाही यावर वाद झाला. पुढच्या वेळी काय करावं? – एक मच्छीमार, मिरकरवाडा

उत्तर : तेव्हा गुजरातच्या हजिरा बंदराचा म्हणून फिरलेला व्हिडिओ जुलै २०२१ मधल्या एका स्फोटाचा असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं (पीआयबी) जाहीर केलं होतं. फाइलवरची तारीख पाहू नका. व्हॉट्सॲपवर मूळ माहिती पुसली जाते आणि तुमच्या फोनवर ती कधी आली एवढंच कळतं. व्हिडिओ थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या, वरची अक्षरं कापून टाका आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गुगल लेन्सवर टाका. जुना असेल तर बरेचदा तिथेच सापडतो. जहाज दिसत असेल तर नावाबरोबर सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक मागच्या बाजूला वाचता येतो का पाहा. त्यावरून जहाज कोणतं ते कळतं. आणि तुम्हाला कोणी शिकवायला नको अशी एक खूण आहे : आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. खुल्या समुद्रातून उगवताना दिसला तर किनारा आपला नाही. होडी काढायची की नाही, हे मात्र बंदर खातं किंवा तटरक्षक दलाच्या सूचनेवरूनच ठरवा.